लॅपटॉप कॅफेतला माणूस

आत्या थंडीत आमच्याकडे राहायला आली की मटार सोलायचं काम तिचं. ते ती कुणाला देत नाही. गेल्या हिवाळ्यातली एक सकाळ. ती जेवणाच्या टेबलाशी परात घेऊन बसलेली, मी ओट्यापाशी, आणि स्पीकरवर माझं नेहमीचं काहीतरी लावलेलं. तिने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि डिसेंबर आला की सवाईच्या मंडपात भारतीय बैठकीत जागा धरली. यंत्रांवरचं संगीत ती मन लावून ऐकेल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून आवाजही बेताचाच ठेवला होता. पहिलं गाणं संपलं. शेंगा फोडायचा आवाज थांबला आणि ती म्हणाली, "मग बोलला का तो तिच्याशी?"

मला कळेना. "कोण?"

"हाच गं. मघापासून नुसता बघत बसलाय ना तिच्याकडे."

तसं गाण्यात काही कळत नाही, असं मी म्हटलं. "हं," म्हणाली आणि तिने पुढची शेंग उचलली. ती जानेवारीत परत गेली, पण तिचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. गाणं होतं 'आय काँटॅक्ट'. अल्बमचं नाव 'लाइफस्टाइल्स ऑफ द लॅपटॉप कॅफे', कलाकाराचं नाव द अदर पीपल प्लेस, आणि या नावामागे एकच माणूस होता, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा जेम्स स्टिन्सन. इंग्लंडच्या वॉर्प या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, २००१ मध्ये हा अल्बम काढला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००२ मध्ये, स्टिन्सन हृदयविकाराने गेला. वय ३२. टेक्नो, म्हणजे यंत्रांवरचं हे नाचाचं संगीत, ऐकणाऱ्या लोकांत या अल्बमचा विषय निघाला की बोलणं लगेच त्या मृत्यूकडे वळतं. आवाज खाली येतात, कुणीतरी म्हणतं की त्याला कळलं होतं बहुतेक, ऐकताना जाणवतं. मीही हा अल्बम वर्षानुवर्षं तसाच ऐकत आले, गेलेल्या माणसाचा. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला फक्त कॅफेत बसलेला एक लाजाळू पुरुष ऐकू आला, आणि तिला पुढे काय झालं ते हवं होतं.

हा अल्बम माझ्याकडे आला तो रात्रपाळीच्या दिवसांत. हिंजवडीतल्या ऑफिसातून पहाटे कंपनीची गाडी निघायची, वाकडच्या पुलाखालून हायवेला लागायची आणि चांदणी चौकाकडे यायची. गाडीत चार-पाच जण, सगळे आपापल्या इअरफोनमध्ये मिटलेले. काचेला डोकं टेकलं की काचेचा थरथराट कवटीत उतरायचा आणि गाण्यातला खर्ज त्यात असा मिसळायचा की कुठला आवाज इंजिनाचा आणि कुठला गाण्याचा ते कळायचं नाही. बाहेर ट्रकांची रांग. बंगळूरकडे जाणारे, मुंबईकडे जाणारे, मागच्या फळीवर लिंबू-मिरची, काळा गोंडा, कुणाकुणाची नावं. त्या ट्रकांकडे बघत मी ते गाणं कितीदा ऐकलं असेल. स्टिन्सन पोटासाठी ट्रक चालवायचा, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ते कळल्यावर काही दिवस मला ते गाणं ऐकवेना. वाईट वाटून नव्हे. एखाद्याच्या अगदी जवळ बसून आपण नकळत त्याच्याच वस्तू बघत होतो, असं काहीतरी झालं.

ट्रक चालवणारा माणूस हे त्याचं एक रूप. दुसरं रूप जगाला आधी माहीत होतं, पण चेहऱ्याशिवाय. १९९० च्या दशकात डेट्रॉइटहून ड्रेक्सिया नावाने रेकॉर्ड यायला लागल्या. स्टिन्सन आणि जेरल्ड डोनाल्ड असे दोघं त्यामागे होते, पण त्यांनी नावं पुढे केली नाहीत, फोटो दिले नाहीत, मुलाखती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गाणी सगळी पाण्याखालची. लाटा, दाब, खोल समुद्रातले सैनिक. आणि १९९७ च्या 'द क्वेस्ट' या संग्रहासोबतच्या मजकुरात त्यांनी एक कहाणी सांगितली. अटलांटिक ओलांडणाऱ्या गुलामांच्या जहाजांवरून आजारी आणि गरोदर आफ्रिकी बायकांना जिवंतपणी समुद्रात फेकून दिलं जायचं. त्यांच्या पोटातली बाळं तिथेच जन्मली असतील तर? गर्भात पाण्यात श्वास घेणारं मूल समुद्रातही श्वास घेऊ शकलं असेल तर? ड्रेक्सिया म्हणजे त्या मुलांचं राष्ट्र. ही कल्पना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून बसून राहिले. इतक्या भयंकर गोष्टीला इतकं अभिमानी उत्तर मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. त्यांनी त्या मेलेल्यांसाठी शोकगीत लिहिलं नाही, त्यांना नागरिक केलं.

आणि मग असं समुद्राएवढं पुराण उभारलेला माणूस एकटा किनाऱ्यावर येतो आणि कॅफेत जाऊन बसतो.

मला या अल्बममध्ये सगळ्यात मोठं धाडस वाटतं ते हे. स्टिन्सनने त्या काळात वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या लेबलांवर भराभर अल्बम केले. चाहते त्या मालिकेला सात वादळं म्हणतात. बाकीच्या वादळांत अंतराळ आहे, प्रयोगशाळा आहे, मेंदूचे दरवाजे आहेत. या एकात टेबल आहे, कॉफी आहे, समोर कुणीतरी आहे. गाण्यांची नावंच पाहा: 'इट्स युअर लव्ह', 'मूनलाइट रॉन्देव्हू', 'यू सेड यू वाँट मी', 'लेट मी बी मी'. ही नावं जुन्या सोल गाण्यांच्या रेकॉर्डवर सहज शोभली असती, आणि ते आश्चर्याचं नाही. सोल गाण्यांची मोठी रेकॉर्ड कंपनी मोटाउन, तिचं पहिलं घर डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर होतं. १९७२ मध्ये ती कंपनी लॉस एंजेलिसला गेली. मोटारींचे कारखाने आक्रसत गेले. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास असलेली शहराची वस्ती २००० पर्यंत साडेनऊ लाखांवर आली. म्हणजे स्टिन्सन ज्या रस्त्यांवर लहानाचा मोठा झाला तिथली दर दोन माणसांतलं एक निघून गेलेलं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या मंडळींनी १९८० च्या दशकात त्याच शहराच्या परिघावर टेक्नो घडवलं. त्या संगीतात भविष्याची एवढी ओढ का, हे त्या आकड्यांकडे बघून कळतं. पण ते भविष्य बहुतेकांनी शहराबाहेर शोधलं, ग्रहांवर, यंत्रमानवांत. स्टिन्सनने या अल्बमपुरतं ते शेजारच्या खुर्चीत शोधलं.

आता आवाजाबद्दल. टेक्नोमध्ये भावना कुठे असते, हा प्रश्न मला ओळखीचे लोक विचारतात तेव्हा मी एका यंत्राची गोष्ट सांगते. ड्रेक्सियाच्या संगीताचा कणा म्हणजे रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र. १९८० ते १९८३ एवढीच वर्षं ते बनलं, सुमारे बारा हजार नग. त्यातला ढोलाचा ठोका कुठल्या खऱ्या ढोलावरून ध्वनिमुद्रित केलेला नाही. आत एक विजेचं मंडल आहे, त्याला धक्का दिला की ते गुणगुणतं आणि हळूहळू शांत होतं. एक बटण फिरवलं की ते गुणगुणणं लांबतं, ठोक्याचा सूर होतो. आणि त्यातले काही आवाज ज्या ट्रान्झिस्टरांवर अवलंबून होते ते मुळात प्रमाणात न बसणारे, सदोष म्हणून बाजूला काढलेले होते. पुढे कारखान्यांत ट्रान्झिस्टर इतके नीट बनायला लागले की सदोष माल मिळेना, आणि यंत्र बंद करावं लागलं. ही गोष्ट मला फार आवडते. जगभर पसरलेल्या या ध्वनीची ऊब नाकारलेल्या तुकड्यांतून आलेली आहे.

स्टिन्सन असली यंत्रं एकत्र जोडून ती हाताने वाजवत थेट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांपैकी. संगणकाच्या पडद्यावर तुकडे जुळवून गाणं रचायचं आणि मग चिमटे काढत बसायचं, हा त्याचा मार्ग नव्हता. ऐकताना ते हाताला लागतं. खर्जाची ओळ तीच तीच फिरते, पण मध्येच तिच्यावरची झळाळी किंचित वाढते, कुणीतरी बटण अर्धा केस फिरवलंय. एखादा स्वर आत येतो तो नेमक्या क्षणाच्या जरा अलीकडे, घाईत. मागच्या लांब स्वरांना कडेला थोडी धूसर कंपनं असतात, पूर्ण जुळलेली नसतात. फार कमी वस्तू आहेत या गाण्यांत: ताल, खर्ज, एक लांब पसरलेला स्वरसमूह, दोन-चार सुरांची धून, आणि अधूनमधून एक पुरुषी आवाज. तो गात नाही. बोलतो, खालच्या पट्टीत, जवळून, आणि बोलणं संपवण्याआधीच थांबतो. इतक्या कमी वस्तू असल्या की एकेक काढली तरी घर रिकामं वाटतं. धून आठ-दहा आवर्तनं राहून निघून जाते तेव्हा तिची उणीव छातीत जाणवते, आणि ती परत येते तेव्हा काही मोठा जल्लोष होत नाही. आली, बसली.

आत्याला हे कसं भिडलं, यावर मी नंतर विचार केला, तेव्हा वाटलं की तिच्या कानाला यात परकं असं काही नव्हतंच. विलंबित ख्यालात तबलजी तोच ठेका धरून बसलेला असतो, तानपुरा तेच सूर घालत राहतो, आणि त्यावर आपण कधी कंटाळा आला असं म्हणत नाही. ठेका बदलत नाही म्हणून तर गाणाऱ्याला भटकता येतं. पाश्चात्त्य कानांना टेक्नोतली पुनरावृत्ती यांत्रिक वाटते आणि त्यावर तिकडे रकाने भरून लिहिलं गेलंय. आपल्याकडे मात्र तेच तेच ऐकण्याची सवय भजनातल्या गजरापासून आहे. फरक इतकाच की ख्यालात गाणारा भटकून समेवर येतो आणि सगळे मान हलवतात. इथे सम येते, तो आवाज मात्र तिच्याजवळ येऊन पुन्हा मागे सरतो. आत्या चाळीस वर्षं समेची वाट बघायला शिकलेली बाई आहे. "मग बोलला का?" हा तिचा प्रश्न तिथून आला असणार.

याच ८०८ ला मुंबईतही एक जागा आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये या यंत्रावर आणि रोलँडच्याच आणखी दोन यंत्रांवर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड केली. त्या वेळी तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक अवाक् झाले. सत्तरीत पोचलेले चरणजितजी परदेशात जाऊन तरुण गर्दीपुढे भैरव वाजवून आले. स्टिन्सनच्या वाट्याला ते आलं नाही. 'लॅपटॉप कॅफे'चे जुने विनाइल नग वर्षं लोटली तसे चढ्या किमतीला जाऊ लागले. वॉर्पने २०१७ मध्ये अल्बम पुन्हा छापला तेव्हा ज्यांचा जन्म २००१ च्या आसपासचा अशी मुलं तो विकत घ्यायला लागली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात एक खुपणारी गोष्टही होती: हे सगळं प्रेम तो गेल्यावरचं. तो असताना, शहर सोडून प्रकृतीसाठी अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात राहायला गेलेला असताना, किती जणांनी त्याला सांगितलं असेल की तुझं ते कॅफेचं काम फार सुंदर आहे? त्याने स्वतःच चेहरा लपवलेला. त्याला कुठल्या पत्त्यावर सांगणार?

तरीही मृत्यूच्या अंगाने हा अल्बम ऐकण्याला माझा आता विरोध आहे. विचार करून, ठामपणे.

मरणारा माणूस निरोप लिहितो असं आपल्याला हवं असतं, कारण मग त्या कामाला आपोआप वजन येतं, आणि आपल्यालाही ऐकताना फारसं काही करावं लागत नाही. हुंदका आधीच तयार असतो. पण गाणी नीट ऐकली तर त्यांत निरोप कुठेच नाही. उलट सगळं सुरू व्हायच्या बेतात आहे. नजर भिडते आहे. रात्री भेटायचं ठरतं आहे. तू म्हणाली होतीस ना की मी तुला हवा आहे, मग आता काय, असा एक आर्जवी तगादा आहे. मला माझ्यासारखं राहू दे, अशी एक मागणी आहे, आणि ती मागणी जगाचा कंटाळा आलेल्या माणसाची वाटत नाही, जवळ येऊ पाहणाऱ्या माणसाची वाटते. जवळ आल्यावर आपण पुसले जाऊ की काय अशी धास्ती ज्याला असते त्याची. लग्न झालेल्या कुठल्याही बाईला ही मागणी ओळखू येईल. पुरुषाच्या तोंडून ती इतक्या हळू आवाजात ऐकायची वेळ मात्र क्वचित येते. टेक्नो हे बव्हंशी पुरुषांनी, रात्रीच्या गर्दीसाठी, ताकदीने वाजवलेलं संगीत. त्यात हा एक माणूस ताकदीचं सगळं सामान घरी ठेवून आलेला आहे.

अल्बमच्या नावातला लॅपटॉप मला आता जास्त दिसायला लागलाय. २००१ मध्ये लॅपटॉप ही जड, महाग वस्तू होती आणि कॅफेत बिनतारी इंटरनेट नुकतंच कुठे येऊ लागलं होतं. पुण्यात आम्ही तेव्हा सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपटांमध्ये तासावर पैसे मोजत होतो. शेजारच्या खोपटातल्या माणसाचे फक्त पाय दिसायचे. आज बाणेरला, औंधला, डेक्कनच्या गल्ल्यांत कुठल्याही कॅफेत शिरा, प्रत्येक टेबलावर एक उघडा पडदा आणि त्यामागे एक चेहरा. माणसांत बसायचं आहे, पण बोलायचं नाही. यावर नाक मुरडणारं लिखाण ढिगाने होतं आणि मला ते पटत नाही. त्या माणसांना घरी एकटं बसवेना म्हणून ती तिथे आलेली असतात. स्टिन्सनने हे पंचवीसेक वर्षांपूर्वी पाहिलं आणि कुणालाही दटावलं नाही. पडद्यावरून नजर उचलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात माणसाच्या आत काय काय होतं, ते त्याने सहा-सहा मिनिटांच्या गाण्यांत पसरून ठेवलं. म्हणून तो अल्बम जुना होत नाही, असं मला वाटतं. त्यात २००१ ची फॅशन फारशी नाहीच. आवाज त्याच्याही वीस वर्षं आधीच्या यंत्रांचे, आणि परिस्थिती पुढच्या वीस वर्षांतली.

मी त्या कॅफेंमध्ये बसून काम करते आणि कधीकधी कानात हाच अल्बम असतो. परवा समोरच्या टेबलावर एक मुलगा होता, कपातली कॉफी कधीच गार झालेली, दोन टेबलं सोडून बसलेल्या कुणाकडे तरी बघत आणि पकडला जाण्याआधी पुन्हा पडद्यात शिरत. त्याचं पुढे काय झालं ते मी बघत बसले नाही. पण त्या दिवसापासून 'आय काँटॅक्ट' मला जरा वेगळं ऐकू येतं. पूर्वी त्यातला खालचा स्वर लागला की मी आपोआप खिन्न व्हायचे, ठरल्यासारखी. आता त्या स्वराखालची खर्जाची ओळ आधी ऐकू येते, आणि ती चक्क उड्या मारते आहे. इतकी वर्षं तिथेच होती ती, आनंदी, थोडी अधीर.

हा अल्बम कुणाला ऐकवायचा तर काय करावं, असं मला विचारलं तर मी आता सांगते की आधी स्टिन्सनची गोष्ट सांगू नका. रात्री, अंधारात, इअरफोन लावून तर मुळीच नको. तशाने प्रत्येक गोष्ट दुःखी वाटते. दिवसा लावा, घरात माणसं वावरत असताना, खर्ज नीट उतरेल अशा स्पीकरवर, आवाज बोलण्याच्या जरासा वर. 'इट्स युअर लव्ह'पासून सुरुवात केली तरी चालेल. ड्रेक्सियाचा समुद्र नंतर, त्यांच्या 'नेपच्यून्स लेअर' या अल्बमपासून, आणि ट्रक, जॉर्जिया, ती तारीख हे सगळं ज्याला हवं त्याने त्याच्या वेळेला शोधावं. पहिल्यांदा ऐकताना तो माणूस ३१ वर्षांचा असू द्यावा, जिवंत, आणि कुणाच्या तरी प्रेमात पडायच्या बेतात असलेला.